एंपोलेइरार: खुराड्यातून खुर्चीपर्यंत

पक्षी बसतो यासाठी पोर्तुगीजमध्ये 'पोझार' आणि 'एंपोलेइरार' अशी दोन क्रियापदं आहेत. पहिल्याचा अर्थ उडत येऊन टेकणं, दुसऱ्याचा उंच जागी चढून ठाण मांडणं. दुसऱ्याचा इतिहास जास्त मजेदार आहे.

रात्री कोंबड्या ज्या आडव्या दांडीवर झोपतात तिला पोर्तुगीजमध्ये 'पोलेइरू' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'पुल्लुस' म्हणजे पिल्लू, याच कुळातला. त्याच कुळातल्या 'पुल्लारिउस'चा रोममध्ये वेगळाच मान होता: पवित्र कोंबड्या सांभाळणारा माणूस. लढाईआधी कोंबड्यांपुढे खाणं टाकायचं. त्या तुटून पडल्या तर शकुन चांगला. इ.स.पू. 249 मध्ये सिसिलीजवळ द्रेपाना इथे त्यांनी चोचच लावली नाही. 'खात नसतील तर पिऊ देत' म्हणत सेनापती पुब्लिउस क्लाउदिउस पुल्केर याने त्या समुद्रात फेकल्या, अशी आख्यायिका आहे. लढाई तो हरला हे मात्र नक्की, आणि बरंचसं आरमारही घालवून बसला. शकुनवाल्यांना आणखी काय हवं!

'पोलेइरू'ला पुढे 'एं' आणि मागे 'आर' जोडला की क्रियापद तयार. 'गायोला' म्हणजे पिंजरा, त्यावरून 'एंगायोलार', पिंजऱ्यात कोंडणं, हीसुद्धा तीच घडण. शेवटचा 'आर' आपल्याला अनोळखी नाही. मराठीतला 'पगार' हे मुळात पोर्तुगीज क्रियापदच, 'पैसे देणं' या अर्थाचं. आपण त्याचं नाम करून टाकलं.

वापरात कोंबडी मागे पडून माणसं पुढे आली. भिंतीवर चढून बसलेलं पोर, स्टुलावर चढून डबा काढणारी मुलगी, सगळी 'एंपोलेइरादू' किंवा 'एंपोलेइरादा'. राजकारणात 'पोलेइरू' म्हणजे सत्तेची जागा, आणि तिथे चढून बसलेल्याबद्दल हे क्रियापद आदराने वापरत नाहीत. 'प्रत्येक कोंबडा आपल्याच दांडीवर आरवतो' अशी म्हणही आहे.

'पोझार'ची वाट निराळी. त्याच्या मुळाशी थांबणं, विसावणं. त्यावरूनच 'पोझादा' म्हणजे उतरायची जागा. पोर्तुगाल सरकारने सुरू केलेल्या पोझादांपैकी पहिली 1942 मध्ये स्पेनच्या सीमेलगतच्या एल्वास इथे उघडली. ब्राझीलमध्ये खेचरांचे तांडे मुक्कामाला थांबत त्या जागेला 'पोझू' म्हणत. मिनास जेराइस राज्यातल्या पोझू आलेग्री शहराच्या नावात तो शब्द अजून आहे. ब्राझीलमध्ये विमानं उतरतात तीही 'पोझार'च करतात.