जुन्या बसची व्हिंटेज नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

घरच्या वर्कशॉपमध्ये जुनी बस उभी करायला घेतली की सगळं लक्ष इंजिन, पत्रा आणि गंजाकडे जातं. कागदांचं नंतर बघू, असं ठरतं. पण बस व्हिंटेज म्हणून नोंदली जाणार की नाही, हे बरंचसं पाना हातात घेण्याआधीच ठरलेलं असतं. उरलेलं तुम्ही तिच्यावर काय काम करता त्यावर ठरतं. म्हणून पात्रता आधी तपासा, बोल्ट नंतर खोला.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि व्हिंटेज वाहनांना स्वतंत्र नियम मिळाले. पहिल्या विक्रीनंतर झालेल्या पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जास्त काळ लोटलेला असावा, वाहन खासगी वापराचं असावं, व्यवसायासाठी चालवलं जात नसावं आणि मूळ रूपात जपलेलं असावं, अशा अटी आहेत. बसवाल्यांना अडवते ती पुढची अट. ही सोय दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे, आणि चारचाकी म्हणजे एम-1 वर्ग: चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनं.

याचा अर्थ स्पष्ट आहे. एसटीची जुनी लाल गाडी किंवा डबल डेकर कितीही सुंदर उभी केलीत तरी या नियमांखाली तिला व्हिंटेज क्रमांक मिळत नाही. माझ्या मते नियमातली ही मोठी उणीव आहे, कारण या देशातल्या बहुतेकांचा प्रवास मोटारीतून नव्हे, बसमधून झाला. पण आज नियम असा आहे. आठ प्रवाशांची फोक्सवॅगन मायक्रोबस किंवा तेवढ्याच आसनांची जुनी व्हॅन मात्र यात बसू शकते.

आसनं मोजायची ती आरसी बुकात, गाडीत नाही. नोंद बारा आसनांची असेल तर मागची बाकं काढून टाकल्याने वर्ग बदलत नाही. तसा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मंजूर झाला तरी ‘मूळ रूप’ या अटीवर प्रश्न उभा राहतोच. गाडी परिवहन संवर्गात, म्हणजे पिवळ्या पाटीवर नोंदलेली असेल तर परमिट आणि थकीत कराचा निकाल लावून ती आधी खासगी संवर्गात आणावी लागेल.

लिलावातून बस घेणाऱ्यांनी तर फार जपावं. भंगार म्हणून विकलेल्या गाडीची नोंदणी बहुधा रद्द झालेली असते. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून राज्य परिवहन महामंडळांसह सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी 15 वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही आणि ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे जातात. अशी बस शेडमध्ये जपता येईल, प्रदर्शनात ट्रेलरवरून नेता येईल. स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणता येणार नाही.

आता वर्कशॉपमधली गोष्ट. चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल झाला तर नियम त्याला मोठी दुरुस्ती मानतो आणि पात्रता जाते. जुनं पेट्रोल इंजिन उतरवून नवं डिझेल बसवणं, छत कापून उंच करणं, आत कायमचा कॅम्पर बांधणं, हे सगळं यात येतं. गंजलेला पत्रा त्याच आकारात, त्याच जागी बदलणं वेगळं आणि आकारच बदलणं वेगळं, पण हा फरक नंतर तोंडी सांगून पटत नाही. खोलण्याआधीचे, खोलल्यानंतरचे आणि जोडणीचे फोटो तारखेसह ठेवा, सुट्या भागांची बिलं ठेवा, काढलेले मूळ भाग लगेच भंगारात घालू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज आणि रंग काढणं) किंवा ग्राइंडर लावण्याआधी चेसिस क्रमांक शोधून त्याचा पेन्सिल प्रिंट आणि फोटो घ्या, मग ती जागा झाकून काम करा. खोदलेला क्रमांक घासला गेला की गाडीची ओळखच जाते, आणि ती परत मिळवणं कुठल्याही इंजिनाच्या कामापेक्षा अवघड आहे.

कागद आपल्या नावावर नसतील तर ते काम आधी उरका. विक्रीने आलेल्या गाडीला नमुना 29 आणि 30, मूळ मालक हयात नसल्यास वारसांकडून नमुना 31, लिलावात घेतलेल्या गाडीला नमुना 32. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून नमुना 26 वर दुय्यम प्रत मागा. खूप जुन्या नोंदी हस्तलिखित रजिस्टरमध्येच असतात. त्या संगणकावर चढवण्यासाठी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. कधीकाळच्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर तो उतरवायला नमुना 35 लागतो, आणि ती बँक दुसरीत विलीन झाली असेल तर इथे वेळ जातो.

प्रत्यक्ष अर्ज त्यामानाने सोपा आहे. नमुना 20 भरायचा. सोबत चालू विमा पॉलिसी आणि शुल्क. भारतात आधी नोंदलेल्या गाडीची जुनी आरसी, आणि आयात केलेल्या गाडीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्काचा कागद. पहिल्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि नंतरच्या पुनर्नोंदणीचं 5,000 रुपये. अर्जातला इंजिन आणि चेसिस क्रमांक, आसनसंख्या आणि रंग आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. कागद पूर्ण असतील तर 60 दिवसांत नमुना 23-ए मध्ये नोंदणी प्रमाणपत्र द्यायचं, असा नियम आहे.

आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. ही संधी सोडू नका. 1988 च्या कायद्याआधीचा जुना क्रमांक हाही त्या बसच्या इतिहासाचा भाग आहे. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याचा संकेत, मग ‘व्हीए’, दोन अक्षरांची मालिका आणि 0001 ते 9999 मधला अंक असा क्रमांक मिळतो.

प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. त्यावर बस रोज चालवता येत नाही आणि भाड्याने तर मुळीच देता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली आणि तिथली जा-ये, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. लग्नाच्या वरातीसाठी कुणी पैसे देऊ केले तर तो व्यावसायिक वापर ठरतो. तेव्हा रॅलीला निघताना आयोजकांचं निमंत्रणपत्र, आरसी आणि विमा गाडीतच ठेवा.