पस्तीस मिनिटांचा कार्यानुभव

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या शाळांमधून घरी संमतीपत्रं यायला लागतात. सहल अमुक तारखेला, डबा कोरडा आणावा, पैसे जास्त देऊ नयेत, खाली पालकांची सही. या वर्षी अनेक घरांत त्याच्यासोबत आणखी एक शब्द पोचला आहे: 'दप्तराविना दिवस'. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, त्या काळात मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे उमेदवारी करावी, असं म्हटलं आहे. बातम्यांमध्ये याचं स्वागत जणू काही नवीनच घडतंय अशा थाटात झालं. पुण्यात तरी ते नवीन नाही. इथे या मागणीचं वय एकशे चाळीस वर्षांच्या पुढे गेलंय.

१८८२ मध्ये हंटर आयोग देशातल्या शिक्षणाची पाहणी करत होता. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं निवेदन सादर केलं. त्यातला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा हा भाग सगळ्यांना माहीत असतो. अभ्यासक्रमाबद्दलचा परिच्छेद मात्र फारसा वाचला जात नाही. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, आणि शेतीच्या धड्यांना जोडून एक छोटी नमुना शेती असावी, जिथे मुलांना प्रत्यक्ष करून शिकता येईल, असं त्यांनी सुचवलं होतं. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण शिक्षणाचा व्यवहाराशी संबंध कमी होता कामा नये, हाही त्यांचा आग्रह होता. फुले स्वतः बांधकामांची कंत्राटं घेत, शेती करत. नमुना शेती म्हणजे काय आणि तिला किती राबावं लागतं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

त्याच दशकात पुण्यात हायस्कुलं भराभर उभी राहत होती. न्यू इंग्लिश स्कूल १ जानेवारी १८८० रोजी सुरू झालं, नूतन मराठी विद्यालय १८८३ मध्ये, मुलींसाठीची हुजूरपागा १८८४ मध्ये. या सगळ्या शाळांची नजर एकाच ठिकाणी होती, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकवर. ही परीक्षा १८५९ पासून होत होती, आणि तिच्यात काय विचारतात यावर हायस्कुलात काय शिकवायचं ते ठरत होतं. तिथे रंधा, फावडं किंवा माती यांना जागा नव्हती.

न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापकांमधलं एक नाव टिळक-आगरकर-चिपळूणकरांच्या मागे नेहमी झाकून जातं: महादेव बल्लाळ नामजोशी. या माणसाला उद्योगधंद्यांचा ध्यास होता. १८८८ मध्ये पुण्यात जे औद्योगिक प्रदर्शन भरलं, त्यामागे त्यांची मोठी खटपट होती. त्या वातावरणातूनच शहरात लॉर्ड रे यांच्या नावाचं औद्योगिक संग्रहालय उभं राहिलं. आज घोले रोडवर महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून जे आहे, ते हेच. नमुना शेतीची मागणी करणाऱ्या फुल्यांचं नाव अखेर या संग्रहालयाला मिळालं, हा योगायोग मला आवडतो. शाळांच्या रांगा तिथे पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. पण काचेमागच्या वस्तू बघणं आणि वस्तू करणं यांत फरक असतो. पुण्याच्या शाळांनी बघण्याचा भाग उचलला, करण्याचा भाग मागे राहिला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करण्याचा भाग पुन्हा वर आला, तोही राजकारणातून. १९०६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव झाला. प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांनी काढलेलं समर्थ विद्यालय कोल्हापूरहून फिरत तळेगाव दाभाड्याला आलं. पुस्तकी विषयांबरोबर उद्योग शिकवावा, हा राष्ट्रीय शिक्षणाचा आग्रह होता. त्याच तळेगावात १९०८ मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. घराघरातून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला कारखाना आणि त्याच गावात एक राष्ट्रीय शाळा, अशी जोडी पुण्याच्या अगदी दाराशी जमली होती. सरकारने १९१० मध्ये समर्थ विद्यालय बंद पाडलं. कारखाना मात्र चालत राहिला.

पुढची लाट गांधीजींची. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समितीने आराखडा बनवला आणि मूलोद्योग शिक्षणाची, म्हणजे नयी तालीमची, कल्पना देशापुढे आली. एखादा उद्योग, बहुतेक ठिकाणी सूतकताई, मध्यभागी ठेवून भाषा, गणित, भूगोल सगळं त्याच्याभोवती शिकवायचं. कापूस कुठे पिकतो हा भूगोल, सूत किती निघालं हे गणित. या मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद १९३९ मध्ये पुण्यातच भरली, तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. त्याच सुमारास युद्धाच्या प्रश्नावरून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मागचा सरकारी रेटा गेला. मागे उरली ती टकळी आणि पेळू. साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत असलेल्यांना विचारा, सूतकताईचा तास होता हे पटकन आठवेल. त्या सुताचं गणित कुणी शिकवलं, हे सहसा कुणाला आठवत नाही. उद्योग मध्यभागी असायला हवा होता, तो वेळापत्रकाच्या शेवटच्या रकान्यात जाऊन बसला.

माझ्या मते सगळी गोष्ट इथेच कळते. कल्पनांची वाण पुण्याला कधीच नव्हती. प्रत्येक कल्पनेला शाळेने किती वेळ दिला, यावर तिचं पुढे काय झालं ते ठरलं.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' हा शब्द रूढ केला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था पुढे पुण्यात आली, तिचा उल्लेख पुन्हा येईल. आयोगाची कल्पना साधी होती. प्रत्येक मुलाने शाळेत, घरी, शेतात किंवा कारखान्यात काही उत्पादक काम करावं आणि ते शिक्षणाचाच भाग मानावं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं लांबलचक नाव दिलं. तोवर राज्याचं माध्यमिक मंडळ (१ जानेवारी १९६६) आणि बालभारती (१९६७) या दोन्ही संस्था पुण्यात स्थिरावल्या होत्या. म्हणजे साऱ्या महाराष्ट्राचा अभ्यासक्रम आणि परीक्षा ज्या शहरात ठरत होत्या, त्याच शहरात कार्यानुभवाचा तास कसा जातो, हे बघायला फार लांब जावं लागत नव्हतं.

तो कसा जात होता, ते मी बघितलंय. आठवड्यातून दोनदा, पस्तीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं सामान काढण्यात, शेवटची दहा आवरण्यात. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांकडे जायचा आणि परत यायचा नाही. वर्षाअखेरीला एक वस्तू जमा करायची. आमच्या वर्गातलं सगळ्यात सुबक तोरण आदल्या संध्याकाळी तुळशीबागेतून आणलेलं होतं, हे बाईंनाही माहीत होतं. त्याला 'अ' श्रेणी मिळाली. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. साठ मुलं, एक कात्री आणि पस्तीस मिनिटं, एवढ्यात दुसरं काय होणार होतं?

याला पुणे जिल्ह्यातलं एक ठळक उत्तर पाबळचं. शिरूर तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केली होती आणि हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधनाचं काम केलं होतं. वयाच्या पंचावन्नाच्या आसपास त्यांनी ते सोडलं आणि १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो जे. पी. नाईकांच्या भारतीय शिक्षण संस्थेचाच एक भाग म्हणून. गावातल्या हायस्कुलात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी काम चार विभागांत बसवलं: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. शिकवणारे बरेचसे गावातलेच हुन्नरी लोक. मुलं वेल्डिंग करून स्टँड बनवायची, मातीची तपासणी करायची, रक्तगट तपासायची, कोंबड्या पाळायची, आणि केलेल्या कामाचे पैसे गावाकडून घ्यायची. हिशेबात चूक झाली तर ती वहीतल्या लाल रेघेवर थांबत नव्हती, गिऱ्हाईक तोंडावर सांगून जायचं.

पण कलबागांची खरी मेख वेळापत्रकात होती. त्यांनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस मागितला. पस्तीस मिनिटांत वेल्डिंग शिकता येत नाही, हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, त्यावर आख्खी योजना बांधली. पुढे हा अभ्यासक्रम 'मूलभूत तंत्रज्ञान' या नावाने राज्य मंडळाच्या मान्य विषयांत आला आणि इतर शाळांमध्येही गेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने हव्या त्या वस्तू बनवण्याची कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे.

शहरातही प्रयोग झाले. आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ मध्ये सुरू झाली. तिथे प्रकल्प आणि अभ्यासदौरे हे शिकण्याचेच भाग होते, वर्षाअखेरचं बक्षीस नव्हे. 'अभ्यासदौरा' हा शब्द मला 'सहल'पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. १९९२ मध्ये सुरू झालेली अक्षरनंदन मराठी माध्यमातून आणि हाताने काम करत शिकण्याचा आग्रह धरून उभी राहिली. विज्ञानाच्या बाजूने आणखी एक धागा आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून पुण्याच्या टेल्कोत आले, १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले, आणि काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, फेकून दिलेले स्ट्रॉ यांतून खेळणी करत राहिले. २००३ पासून दहाएक वर्षं ते आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. ती शोधिका ज्या इमारतीत आहे तिचं नाव 'पुलस्त्य', पु. ल. देशपांड्यांच्या आठवणीचं. शहरातल्या कितीतरी मुलांनी मोटर आतून कशी फिरते ते पहिल्यांदा तिथे पाहिलं, एक चुंबक, एक सेल आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं हातात घेऊन.

आता सहलींकडे. सहल मोठ्या प्रमाणावर शक्य झाली ती एसटीमुळे. १ जून १९४८ रोजी सरकारी वाहतुकीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढे शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत मिळायला लागल्यावर हायस्कूलच्या सहली सिंहगड-कार्ले-भाजेच्या पलीकडे जाऊ लागल्या. लहान मुलांसाठी पेशवे पार्क होतंच, तिथली फुलराणी १९५६ची. मोठ्या वर्गांना पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स दाखवत, कात्रजची डेअरी दाखवत. खरं तर भेट देण्याच्या जागांबाबत पुण्याइतकं नशीबवान शहर विरळा. शिमला ऑफिसातली हवामानाची वेधशाळा १९२८ पासून इथे आहे. खडकवासल्याचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६चं, तिथे धरणांच्या छोट्या प्रतिकृतींमधून खरंखुरं पाणी वाहतं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी तिची दारं उघडतात आणि आजूबाजूच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन तिथे जमतात. शिवनेरी, लेण्याद्री आणि खोडद एका दिवसात बसवणाऱ्या शाळा आहेत, आणि त्या दिवसातली पाऊण वेळ बसमध्ये जाते हेही खरं.

सहलींचं चित्र गेल्या वीसेक वर्षांत दोन कारणांनी बदललं. शहराभोवती वॉटर पार्क आणि रिसॉर्ट उभे राहिले, आणि तिथे न्यायला सोपं असल्याने शाळा तिकडे वळल्या. दुसरं कारण दुःखद आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या परवानग्या आणि अटी कडक झाल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या. पण त्याचा एक परिणाम असा झाला की जिथे काही धोका नाही अशी जागा आणि जिथे काही शिकण्यासारखं आहे अशी जागा, यांत मुख्याध्यापक पहिलीच निवडू लागले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

अशा स्थितीत दहा दिवस दप्तराविना आले आहेत. राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आलाय, बालभारतीच्या पुस्तकांत कृती आणि प्रकल्प आहेत, नववीला 'जलसुरक्षा'सारखा विषय आहे. प्रकल्प मात्र बरेचदा स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात, तुळशीबागेतल्या तोरणासारखेच. धोरणातल्या दहा दिवसांची तुलना पाबळच्या हिशेबाशी केली तर आठवड्याला एक दिवस म्हणजे वर्षाला पस्तीस-चाळीस दिवस होतात. दहा म्हणजे त्याच्या पावपट. तरी पस्तीस मिनिटांपेक्षा बरे, कारण ते पूर्ण दिवस आहेत.

आणि कारागीर शोधायला लांब जायची गरज नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेवर ठोके पडताहेत, अजूनही काही घरांत पडतात. बुरूड आळीत टोपल्या विणतात. पेठांमधल्या कितीतरी शाळांपासून या आळ्या पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. तिथवर जायला एसटीचं आरक्षण लागत नाही, सवलतीचा फॉर्म भरावा लागत नाही. सकाळी साडेसातला वर्ग चालत निघाला तर तांबटाचं पहिलं भांडं तापायच्या आत मुलं तिथे पोचतील.