काढून घेण्यासाठी बसवलेली जाळी

पुण्याच्या उपनगरांत बोअरवेलच्या जड पाण्याने फरशीवर धरलेले क्षार घासण्यासाठी आणलेली ॲसिडची बाटली अनेक घरांत हाताला लागेल अशी ठेवलेली असते. त्यातला घोटभर द्रव चुकून पोटात गेला, तर अन्ननलिका भाजते. जखम भरताना तयार झालेला वण आकसत जातो आणि काही आठवड्यांत भाकरीचा घास, पुढे पेजसुद्धा, उतरेनाशी होते. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर चढत राहिल्याने, किरणोपचाराने किंवा शस्त्रक्रियेतील जोडाच्या जागीही अशीच अडचण उद्भवते.

हे आकुंचन कर्करोगाचे नसते. कर्करोगात बसवलेला स्टेंट, म्हणजे अरुंद मार्ग आतून उघडा धरणारी जाळीची नळी, बहुधा शेवटपर्यंत राहतो. येथे रुग्णापुढे सारे आयुष्य असू शकते, म्हणून स्टेंट बसवतानाच तो काढायचा कसा आणि केव्हा, हे ठरलेले असावे लागते.

पहिला उपाय अर्थातच स्टेंट नव्हे. एंडोस्कोपीतून फुग्याने किंवा निमुळत्या नळ्यांनी मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदावतात. दर दोन आठवड्यांनी, पाच वेळा असे करूनही 14 मिलिमीटर रुंदी गाठता आली नाही, तर आकुंचन हट्टी मानले जाते आणि मग निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे निटिनॉलची, जाळी विचारात येते. ती बारीक नळीत दाबून आत नेता येते आणि सोडताच आपला मूळ आकार घेते. फुगा वणाला काही मिनिटेच ताणतो. जाळी तो ताण आठवडेच्या आठवडे टिकवते.

खरा पेच आवरणाचा आहे. उघड्या जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढून तिला असे जखडतात की ती काढणे धोक्याचे ठरते. सिलिकॉनसारख्या पदार्थाने पूर्ण मढवलेली जाळी सहज निघते, पण त्याच गुणामुळे ती जठरात घसरतेही. क्लिप किंवा टाक्याने ती अडकवून ठेवतात, तरी अन्ननलिकेच्या हट्टी आकुंचनात कायमचा आराम निम्म्याहून कमी रुग्णांनाच मिळतो, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे, असे मला ठामपणे वाटते. पित्तनलिकेच्या अशाच आकुंचनात मात्र चित्र अधिक आशादायक आहे: तेथे प्लास्टिकच्या नळ्या साधारण दर तीन महिन्यांनी बदलाव्या लागतात, तर मढवलेली एकच धातूची जाळी कित्येक महिने काम करते आणि एंडोस्कोपीच्या फेऱ्या वाचवते.

अन्ननलिकेतील जाळी साधारणपणे 6 ते 8 आठवड्यांत, फार तर 3 महिन्यांच्या आत काढतात. त्याहून अधिक राहिली तर व्रण, रक्तस्राव, क्वचित श्वासनलिकेपर्यंत छिद्र पडण्याचा धोका असतो. सोलापूर-नगरहून पुण्यात आलेला रुग्ण घास उतरू लागल्यावर परत यायचे लांबवू शकतो. म्हणून जाळी काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्यावी, आणि छातीत तीव्र वेदना, काळी शौच होणे किंवा पुन्हा घास अडकणे यांपैकी काहीही झाले, तर त्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.