फेसाळ विषाणू: चिंपांझीच्या तोंडातला जुना बिऱ्हाडकरू

माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला ठेवल्या, की कधी कधी त्या आपोआप बिघडत. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून मोठाले गोळे होत, गोळ्यांत पोकळ्या पडत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली साबणाचा फेस पसरावा तसं दिसे. गोवरावर काम करणाऱ्या एन्डर्स आणि पीबल्स यांनी १९५४ साली याची नोंद केली. या विषाणूचं नाव त्यावरूनच पडलं: फेसाळ विषाणू, इंग्रजीत फोमी व्हायरस.

बाटलीत पेशींचा असा सत्यानाश करणारा हा विषाणू ज्या प्राण्याच्या अंगात राहतो, त्याला मात्र साधी शिंकही येत नाही. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन या सगळ्या कपींचे आपापले फेसाळ विषाणू आहेत. बंदिस्त माकडं आणि कपी मिळून पाहिलं, तर प्रौढांमध्ये लागणीचं प्रमाण ७० ते १०० टक्के भरतं. एकदा लागण झाली की ती जन्मभराची.

हा एचआयव्हीसारखाच रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली जनुकं यजमानाच्या डीएनएत शिवून टाकणारा. मग त्रास का होत नाही? उत्तर तोंडात आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत त्याचा डीएनए असतो, पण तो गप्प पडून राहतो. विषाणूची खरी पैदास कुठे होते ते मॅकॉक माकडांत नीट तपासलं गेलं: तोंडाच्या आतल्या अस्तराच्या अगदी वरच्या थरात. या पेशी तशाही एक-दोन दिवसांत गळून पडणार असतात. त्या मेल्या काय नि राहिल्या काय, प्राण्याचं काहीच बिघडत नाही, आणि विषाणूला लाळेतून, मुख्यतः चाव्यातून, पुढचं घर मिळतं. ही सोय किमान ३ कोटी वर्षं जुनी असावी, कारण यजमानांची वंशावळ आणि विषाणूंची वंशावळ शेजारी मांडली की फांद्या बऱ्याच अंशी जुळतात.

तपासणी दोन प्रकारे होते. रक्तातली प्रतिपिंडं शोधणं सोपं, पण पिल्लांच्या बाबतीत ते फसवं ठरतं. आईची प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात काही महिने टिकतात, त्यामुळे लागण नसताना चाचणी पॉझिटिव्ह येते. अशा वेळी पीसीआरने विषाणूचा डीएनए शोधायचा आणि काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची. गालाच्या आतून आणि हिरडीवरून फिरवलेला बोळाही चालतो. जाळीशी येऊन तोंड उघडायची सवय प्राण्याला खाऊच्या बक्षिसावर लावली, तर भूल द्यावी लागत नाही. बोळा मात्र खाण्याआधी घ्यावा. तोंडात फळाचा चोथा असला की पीसीआर अडतो आणि निकाल खोटाच निगेटिव्ह येतो.

यकृतदाहाच्या ब विषाणूची गोष्ट थोडी वेगळी. चिंपांझी आणि गिबनमध्ये तो सापडला तेव्हा बराच काळ समज होता, की माणसांनीच त्यांना तो दिला. जनुकक्रम वाचल्यावर कळलं, की हे त्यांचे स्वतःचे प्रकार आहेत. बरेच गिबन वर्षानुवर्षं वाहक असतात आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. त्यांना सांभाळणाऱ्यांनी स्वतः हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी, हे ओघानंच आलं.

‘निरुपद्रवी’ हा शिक्का मात्र जपून मारावा. चिंपांझींमधला एसआयव्ही, म्हणजे एचआयव्ही-१चा पूर्वज, असाच निरुपद्रवी मानला जाई. अमेरिकेतल्या मॅरिलिन या बंदिस्त चिंपांझी मादीत तो होता. ती १९८५ साली मेली ती बाळंतपणातल्या गुंतागुंतीनं, त्यामुळे त्या समजाला धक्का लागला नाही. पुढे टांझानियातल्या गोंबेच्या जंगलातल्या चिंपांझींची वर्षानुवर्षांची नोंद तपासली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लागण झालेल्यांच्या मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा १० ते १६ पट जास्त होता. पिंजऱ्यातल्या मोजक्या प्राण्यांवरून हे कधी कळलंच नसतं.

फेसाळ विषाणू माणसातही येतो. १९७१ साली एका केनियन रुग्णाच्या गाठीच्या पेशींत तो मिळाला, तेव्हा त्याला ‘मानवी’ म्हटलं गेलं. तो चिंपांझीचा निघाला. प्राणिसंग्रहालयांत आणि संशोधन केंद्रांत काम करणाऱ्या काही जणांना चाव्यातून लागण झालेली आढळली आहे. त्यांना यामुळे ठरावीक असा आजार झाल्याचं दिसलेलं नाही, आणि माणसाकडून माणसाकडे तो गेल्याचंही नाही. तरी कपी चावला, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची, डॉक्टरांना दाखवायची आणि त्याच दिवशी रक्ताचा नमुना गोठवून ठेवायचा. पुढे चाचणी पॉझिटिव्ह आली, तर लागण याच चाव्यातून झाली की आधीपासून होती, हे त्या नमुन्यावरून ठरतं. लागण झालेल्यानं रक्तदान टाळावं.

प्राणी एका संग्रहालयातून दुसरीकडे पाठवताना फेसाळ विषाणूची नोंद कागदावर असावी, पण तेवढ्यासाठी पाठवणी अडवण्यात अर्थ नाही. पलीकडच्या पिंजऱ्यातल्या बहुतेक प्रौढांच्या तोंडात तो आधीच बिऱ्हाड करून असतो.