एकच कात्री की घरोघरी कुलूप?

अमेरिकी टीव्हीवरच्या 'मुलांनी बघू नये' या वादात एफसीसी हा सरकारी आयोग आणि व्ही-चिप ही टीव्ही संचातली चिप ही दोन नावं हमखास एकाच दावणीला बांधली जातात. हेतू सारखा, म्हणून गोंधळ. पण एफसीसीचा बडगा वाहिनीवर पडतो. चिप फक्त तुमच्या दिवाणखान्यातला संच बंद करते.

आधी एफसीसी, म्हणजे तिथला दूरसंचार आयोग. खरं तर 'सेन्सॉर' हा शब्द त्याला नीट बसत नाही, कारण १९३४ च्या कायद्यानेच त्याला सेन्सॉरगिरीची मनाई आहे. आयोग आधी काही कापत नाही, असभ्य मजकूर लागलाच तर नंतर दंड ठोकतो. अर्थात दंडाच्या धास्तीने वाहिन्या आपणच कात्री चालवतात, तेव्हा प्रेक्षकाच्या वाट्याला येतं ते जवळपास तेच.

या अधिकाराचं मूळ एका गाडीतल्या रेडिओत आहे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय केंद्रावर भर दुपारी विनोदी कलाकार जॉर्ज कार्लिनचा शिव्यांवरचा कार्यक्रम लागला. मुलाला घेऊन निघालेल्या एका वडिलांच्या तो कानी पडला, त्यांनी तक्रार केली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी आयोगाची बाजू घेतली: प्रक्षेपण थेट घरात शिरतं आणि मुलांच्या सहज हाती लागतं. आज अशा मजकुराला रात्री १० ते सकाळी ६ एवढी सूट आहे. हे सगळं हवेतून येणाऱ्या वाहिन्यांपुरतं. केबल त्यातून मोकळी.

व्ही-चिपचं काम साधं. १९९६ च्या कायद्यामुळे २००० पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ती आली. बिचारी चित्र बघतच नाही. कार्यक्रमासोबत येणारा रेटिंगचा संकेत तेवढा वाचते. आईने मर्यादा 'टीव्ही-१४' (चौदाखालच्यांना नको) ठेवली आणि 'टीव्ही-एमए'चा (फक्त प्रौढांसाठी) कार्यक्रम लागला, की पडदा काळा. पिन टाका, नाहीतर चॅनल बदला. शेजारच्या घरात तोच कार्यक्रम खुशाल चालू.

प्रेक्षकाच्या हक्काचा प्रश्न इथेच सुटतो असं मला वाटतं. २००० मध्ये प्लेबॉय या प्रौढांच्या वाहिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा सूरही तोच होता: ज्या घराला नको त्या घरापुरती वाहिनी बंद करता येत असेल, तर सगळ्यांनाच दिवसभर तिच्यापासून दूर का ठेवायचं?

मेख एकच. रेटिंग देतात वाहिन्या आणि निर्मातेच. आपल्या मालावर आपलाच शिक्का. शिवाय बातम्या आणि खेळांना रेटिंगच नसतं.

२००४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, मध्यंतराच्या कार्यक्रमात गायिका जॅनेट जॅक्सनचं वक्ष सेकंदाच्या ९/१६ भागापुरतं उघडं पडलं. आयोगाने सामना दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड केला. अपील न्यायालयाने पुढे तो रद्द ठरवला. पण तो सामना होता, म्हणजे रेटिंग नाही. 'टीव्ही-१४'चं कुलूप लावून बसलेल्या घरांतही चिपला वाचायला काही नव्हतंच.