शनिवार-रविवारची सीबीटी

दोन दिवसांची कार्यशाळा केली, त्रासदायक विचार नोंदवायचा तक्ता भरायला शिकलो, की झालो सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत) थेरपिस्ट, हा समज काही केल्या जात नाही. तक्ता शिकायला तासभर पुरतो. प्रश्न तो नाहीच. ब्रिटनमधल्या बीएबीसीपी या सीबीटी थेरपिस्टांच्या संस्थेच्या किमान निकषांत 450 तासांचं प्रशिक्षण आणि देखरेखीखाली 200 तासांचं प्रत्यक्ष काम येतं, तेही किमान 8 रुग्णांसोबत. खरा कस लागतो तो स्वतःच्या सत्राचं रेकॉर्डिंग सुपरवायझरसमोर ऐकताना. रुग्ण म्हणतो, ‘माझ्याने नाही जमणार,’ आणि शिकाऊ थेरपिस्ट लगेच समजूत घालायला धावतो. तिथेच रेकॉर्डिंग थांबतं: ‘नाही जमलं तर काय होईल असं वाटतं, हे का नाही विचारलंस?’ मानसशास्त्राची पदवी असलेलेही इथे हमखास अडखळतात.