बाळंतपणातले मृत्यू: जोखमीच्या यादीकडून वेळेच्या हिशेबाकडे

आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. त्या काळी पुण्यात काय किंवा लंडनमध्ये काय, बाळंतिणीच्या जिवाची हमी कोणीच देत नसे. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर लाख जन्मांमागे 400 ते 500 माता दगावत. राहणीमान सुधारत होते, तरी आकडा हलत नव्हता. जंतुसंसर्गावरची सल्फा औषधे, रक्त देण्याची सोय आणि पुढे पेनिसिलिन आल्यावर तो झपाट्याने उतरला. भारतात 1997-98 मध्ये हे प्रमाण 398 होते.

विकसनशील देशांनी आधी दोन मार्ग धरले: सुईणींना प्रशिक्षण आणि गर्भवतींमधून 'जोखमीच्या' वेगळ्या काढणे. वय 18 पेक्षा कमी किंवा 35 पेक्षा जास्त, बुटकी चण, चार-पाच बाळंतपणे, आधीचे सिझेरियन अशा त्या याद्या. यात तथ्य होते, पण ज्यांना जीवघेणा रक्तस्राव झाला त्यातल्या बहुतेक बायका या यादीत नव्हत्याच. सुईण कितीही हुशार असली, तरी तिच्याजवळ रक्ताची पिशवी नव्हती. माता-बाल आरोग्य कार्यक्रमांत आई कुठे आहे, हा प्रश्न 1985 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात थेट विचारला गेला. 1987 मध्ये नैरोबीत सुरक्षित मातृत्वाची परिषद झाली. 1994 मध्ये 'तीन विलंब' मांडले गेले: घरी निर्णयाला, वाटेत पोहोचायला आणि दवाखान्यात उपचार सुरू व्हायला.

विलंब इतका महाग का, हे कारणांवरून कळते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव उपचाराविना साधारण दोन तासांत जीव घेतो, वाढलेल्या रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांना सुमारे दोन दिवस लागतात, जंतुसंसर्गाला सहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 ते 2009 च्या विश्लेषणात मृत्यूंपैकी 27 टक्के रक्तस्रावाने, 14 टक्के वाढलेल्या रक्तदाबाने आणि 11 टक्के जंतुसंसर्गाने झाले होते.

वार पडल्यावर गर्भाशय आवळले, तरच तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. म्हणून बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे 10 युनिट स्नायूत द्यायचे. हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. फ्रीज बंद पडला, तर इंजेक्शन दिल्याची नोंद होते, पण गर्भाशय सैलच राहते. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज नेहमी कमी येतो. मोजपट्टी असलेली पिशवी कमरेखाली लावली, की 500 मिलि. ओलांडल्याचे लगेच कळते. मग रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून द्यायचे, तेही बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन तासांतच. हिमोग्लोबिन 6 ग्रॅम असलेल्या बाईला 500 मिलि. रक्त गमावणेही झेपत नाही. ॲनिमिया ही जोखीम म्हणूनच सगळ्यात जास्त मोजायला हवी, आणि 60 मिलिग्रॅम लोहाच्या गोळ्या पहिल्या तीन महिन्यांनंतर रोज, किमान 180 दिवस, प्रत्यक्ष पोटात जायला हव्यात.

झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट. त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 2002 मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. पाठवण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातच 5-5 ग्रॅम दोन्ही नितंबांत द्यायचे. अनेकदा डोसच्या भीतीने ते न देताच गाडी सुटते आणि झटका घाटात येतो. पुढचे डोस देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास (मिनिटाला किमान 16) आणि लघवी (तासाला किमान 30 मिलि.) तपासली, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवले, की हे औषध सुरक्षित आहे.

असुरक्षित गर्भपातावर उत्तर म्हणून गर्भपाताला मान्यता देणारा 1971 चा कायदा आला. रुग्णालयात बाळंतपण व्हावे म्हणून 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. 2018-20 मध्ये भारताचे प्रमाण 97, महाराष्ट्राचे 33 झाले. मात्र जगात 2023 मध्येही अंदाजे 2 लाख 60 हजार माता गेल्या, त्यातल्या सुमारे 70 टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत.

पुणे जिल्ह्यात आता पहिल्या विलंबापेक्षा पुढचे दोन जास्त छळतात. भोर-वेल्ह्याच्या वाडीतून निघालेली बाई आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी पुण्यातले ससून रुग्णालय अशी फिरते. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर होतो. निघतानाच पुढे फोन करून रक्तगट, दिलेले डोस आणि वेळ कळवली, शिरेवाटे सलाईन चालू ठेवली आणि जिथे रक्त नाही असा थांबा वगळला, तर या साखळीतला बराच वेळ वाचतो.